जुना पासवर्ड

सकाळपासून तिसऱ्यांदा दीपमालाचं ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं खातं बंद झालं. स्क्रीनवर तीच पाटी: चुकीचा पासवर्ड वारंवार टाकल्याने खाते बंद केले आहे. तिने तर तो एकदाच टाकला होता, तोही बोटांकडे बघत, एकेक अक्षर.

खिडकीबाहेर कापसाच्या गाठींचे चार ट्रक उभे होते. तिचं खातं उघडल्याशिवाय एकाचाही गेटपास निघत नव्हता. कारखान्याचे मॅनेजर मधुसूदन साहेब केबिनच्या दारातूनच म्हणाले, "बाई, आज शेवटचं. उद्या परत असं झालं तर या खुर्चीवर दुसरं माणूस बसवीन."

कॉम्प्युटर सांभाळणारा साकेत स्टूल ओढून शेजारी बसला. "ताई, राग नका मानू. पासवर्ड कोणाला सांगितला का?"

"नाही जी. घरात मी, सासूबाई अन् पोरगी. पोरीले तर अक्षरंच येत नाही अजून."

"सोमवारी बदलला ना? कोणीतरी जुनाच टाकून राहिलं." त्याने यादी उघडली. "हे पाहा. काल सकाळी सात वाजता, दुपारी एक वाजता. आज आठ, दहा, आता अकरा चाळीस. माणूस नाही हा, मोबाईल आहे. जुना पासवर्ड त्यात तसाच राहिला. नेट चालू झालं की आपल्या मनानं ऑफिसचा मेल आणाले येते, अन् तुमचं खातं बंद पाडते." त्याने मोबाईलचं मॉडेल वाचून दाखवलं.

दीपमालाने ते नाव परत एकदा वाचायला लावलं.

तिचाच जुना फोन. नऊ दिवसांपूर्वी तिचा नवरा अश्वजित तो घेऊन गेला होता. बाभुळगावात त्याचं बियाण्याचं दुकान. बोंडअळीने यंदाचा कापूस खाल्ला, तशी बियाणं नेलेली माणसं भरपाई मागत दुकानासमोर येऊन बसू लागली. आपला सारखा वाजणारा फोन त्याने काउंटरवरच ठेवला, शटर ओढलं आणि गेला. तेव्हापासून त्या जुन्या फोनच्या नंबरवर लावला की बंद. दीर शिवारातल्या विहिरी पाहून आले होते. घरात कोणी त्यावर बोलत नव्हतं.

"कुठून आहे, ते समजते का?"

"नाही. सिम दुसरं असन. चालू झाला, एवढंच दिसते."

पोरीची जन्मतारीख टाकल्याशिवाय तो फोन उघडत नसे, आणि हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"ब्लॉक करून टाकतो," साकेत म्हणाला. "झंझट खतम."

"मग तो इथं दिसन का?"

"नाही ना. दारातूनच परत जाईन."

"नका करू."

"ताई, साहेब काय म्हणाले ऐकलं ना?"

"ऐकलं. आमचे हे आहेत ते."

साकेतने माऊसवरचा हात काढला.

"सापडलं का रे काही?" केबिनमधून आवाज आला.

"अजून नाही, सर. पाहून राहिलो."

त्याने खातं उघडून दिलं. दीपमालाने भराभर चारही गेटपास काढले. ट्रक गेले. एक वाजला. सव्वा वाजला. बाकीचे जेवायला उठले. ती स्क्रीनवरून नजर न काढता बसून राहिली.

एक वाजून वीस मिनिटांनी पाटी आली: खाते बंद केले आहे.

नऊ दिवस जसाच्या तसा घरी परत जाणारा डबा तिने पिशवीतून काढला आणि उघडला.