उडालेलं पॉलिश

"वहिनी, काय करून बसलात हे!" जुन्या बेस गिटारी विकणारा बोरकर मटकन खाली बसला. साठ वर्षांची गिटार समोर आरशासारखी चकाकत होती.

शरयूवहिनींच्या नवऱ्याच्या अशा दोन गिटारी. ऑर्केस्ट्रात वाजवून वाजवून दोन्हींचं पॉलिश उडालेलं. तो गेल्यावर पहिली बोरकरनेच, "पॉलिश उडालंय, भंगार आहे हो," म्हणत पाच हजारांत नेली. मग तिचीच जाहिरात वहिनींच्या वाचनात आली: मूळ पॉलिश, वादकाच्या हाताने झिजलेलं, किंमत तीन लाख.

आज तो दुसरी न्यायला आला होता. आगाऊ पैसे देऊन बसलेलं गिऱ्हाईक खाली गाडीत होतं.

"तुम्हालाच ते उडालेलं पॉलिश खुपलं होतं ना, भावोजी? म्हणून सुताराला बोलावलं."

"अहो, निम्मी किंमत गेली! नुकसान तुमचंच आहे! आता गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

"हेच दाखवा. छान उतरलंय."

वहिनींनी चहा पुढे केला. सुताराने दीड लाख घासून काढले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतकी महागडी चैन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली होती.