दुसरा हात

देवळाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या अंतिमोझने कुलूप काढलं आणि दाराला खांदा दिला. "डोकी सांभाळा. दार बुटकं ठेवलंय ते ताठ मानेच्या लोकांसाठीच."

कोणी हसलं नाही. बिमुर्झा वाकून आत गेला. त्याच्यामागे म्हातारा सोरेख. सोरेखचा पुतण्या कान्सव उंबऱ्याबाहेरच थांबला. आत बंदूक नेत नाहीत, आणि त्याला ती खाली ठेवायची नव्हती.

सोरेखचा मुलगा माल्खाझ रानबकऱ्याच्या शिकारीला बिमुर्झाबरोबर कड्यावर गेला होता. एकाच दोरावर दोघे. परतला एकटा बिमुर्झा. दोर तुटला, असं त्याने सांगितलं. तो कापला, असं अर्धं गाव म्हणत होतं. आज देवळात बिमुर्झाची शपथ झाली तर प्रकरण मिटणार होतं. नाही झाली, तर कान्सव बिमुर्झाला गोळी घालणार आणि बिमुर्झाचे भाऊ कान्सवला. सोरेखच्या घरात आता तोच एक तरणा माणूस उरला होता.

अंतिमोझने भिंतीवरची प्रतिमा उतरवली. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला, घोड्यावर बसलेला संत जॉर्ज; गाव त्याला जगरग म्हणे. त्याच्या भाल्याखाली साप नव्हता. मुकुट घातलेला राजा होता, ज्याने या संताला ठार करायला लावलं तोच.

"खोटं बोलणारा राजा असला तरी जगरग घोडा आवरत नाही," अंतिमोझ नेहमीचं वाक्य बोलला. "दुसरा हात कोणाचा, सोरेखबाबा? नाव तुम्ही घ्यायचं."

शपथ घेणाऱ्याबरोबर आणखी एकाने हात ठेवायचा, आणि तो कोण हे समोरच्या घराने ठरवायचं, अशी रीत. शपथ खोटी असली तर जगरग दोघांनाही सोडत नाही. बाहेर बिमुर्झाचे मामा आणि मेहुणे उभे होते. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

"माझा," सोरेख म्हणाला.

"काका, शुद्धीवर आहात ना?" कान्सव बाहेरून ओरडला. "त्याच्या शपथेला आपणच खांदा द्यायचा?"

"गावातला कोणीही चालतो. मी काय गावाबाहेरचा आहे?"

"रीत मोडत नाही," अंतिमोझ सावकाश म्हणाला. "पण असं कोणी केलेलं नाही."

"ऐकलंस, कान्सव? मी हात ठेवला की तुझी बंदूक बांधली गेली."

बिमुर्झाने तळवा पत्र्यावर टेकवला. म्हणायचं वाक्य तो घरूनच घोकून आला होता. शेजारी सोरेखचा हात आला, थंडीने भेगाळलेला. घोड्याच्या पोटावर दोघांची बोटं एकमेकांना लागली.

"बोल," सोरेख म्हणाला.

"काका," बिमुर्झा इतक्या हळू बोलला की दारापर्यंत पोचलं नाही, "तुम्ही हात काढा."

सोरेख त्याच्याकडे बघत राहिला. अंतिमोझ पाठ फिरवून मेणबत्ती सरळ करू लागला. ती सरळच होती.

मग सोरेखने आपला पंजा उचलला, बिमुर्झाच्या हातावर ठेवला आणि खाली दाबला.

"दोर तुटला," तो म्हणाला. "म्हण."

"दोर... तुटला."

"मोठ्याने. बाहेर ऐकू जाऊ दे."

"दोर तुटला!"

बाहेर कान्सवने बंदूक उघडली आणि काडतूस काढून खिशात टाकलं.

उतारावर बर्फ वितळून चिखल झाला होता. सोरेखचा पाय घसरला, तसा बिमुर्झाने पुढे होऊन हात दिला. म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिलं आणि बाजूचं झुडूप धरून तो उभा राहिला.

"नको," तो म्हणाला. "आत धरला तेवढा पुरे."