लाडक्यासाठी स्वतंत्र खोली

साहेब खोलीच्या दारातच बसला आणि त्याने मोठी जांभई दिली, तेव्हा फोटोवालीच्या मनात पाल चुकचुकली.

साहेब म्हणजे तिचा कुत्रा. वयाने उतरलेला, तब्येतीने भारदस्त. कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांना घरं विकण्याचा धंदा तिच्या धाकट्या दिराचा. फोटो वहिनीचे, आणि फोटोत सोफ्यावर नाहीतर खिडकीशी ऐटीत बसायचं काम साहेबाचं. सह्या माणूस करतो, पण घर कुत्रं पसंत करतं, असं दिराचं म्हणणं. म्हणून वहिनीने कॅमेरा नेहमी कुत्र्याच्या उंचीवर धरायचा. त्यापायी तिचे गुडघे कामातून गेले होते.

एरवी नव्या घरात साहेबाला एका जागी बसवणं म्हणजे दिव्यच. आधी एखादं जनावर तिथे नांदून गेलेलं असलं, की स्थळाची चौकशी करायला आलेल्या मामासारखा तो कोपरा न् कोपरा हुंगत हिंडायचा. आणि इथे, जिथे म्हणे इतकी वर्षं दांडगा कुत्रा राहिला होता, तिथे त्याने नाकसुद्धा खाली नेलं नाही.

तिने तसं सहज बोलून दाखवलं. घरमालक हसला. खोली औषध टाकून धुऊन घेतलीय, म्हणाला. त्याची बायको त्याच्यामागे दाराला टेकून उभी होती. तिला बघून वाटत होतं की हिला कुणीतरी दोन दिवस नुसतं झोपू द्यावं.

खोली खरंच बघण्यासारखी होती. फरशी धुवायला सोपी, कोपऱ्यात पाणी जायला जाळी, आतच लहानशी न्हाणी, भिंतींच्या कडांना मऊ फोम. वर कॅमेरा, ऑफिसात बसून लक्ष ठेवता येईल असा. दिराने नुसतं वर्णन ऐकूनच जाहिरातीची ओळ ठरवून टाकली होती: तुमच्या लाडक्यासाठी स्वतंत्र खोली.

ती सवयीप्रमाणे जमिनीवर पालथी झाली आणि कॅमेऱ्यातून बघू लागली. फोम दिसेना. तिने मान वर केली. फोम सुरूच होत होता माणसाच्या कमरेपासून, आणि डोक्याच्याही वर जात होता.

"फार उंच उड्या मारायचा का हो?"

"कोण?" मालक म्हणाला.

"कुत्रा."

"हां. फार."

न्हाणीच्या दाराशी भिंतीत एक आडवा दांडा पक्का बसवलेला होता. त्यावर रबर गुंडाळलेलं, आणि ते एकाच ठिकाणी, मुठीएवढ्या जागेत, झिजून गुळगुळीत झालेलं. तिची नजर तिकडे गेलेली बघून मालकाने न विचारताच सांगितलं, तो त्याचा टॉवेल वाळत घालायला.

आपण बरे की आपले फोटो बरे, असं तिने स्वतःला बजावलं. पण हाताने बटण दाबवेना. ह्या खोलीत कुत्रा कधी राहिलेला नव्हता, माणूस राहिलेलं होतं. मग ते माणूस आता कुठे होतं?

मालक बोलतच होता. शेवटी शेवटी फार ओरडायचा. शेजारी तक्रारी घेऊन यायचे. आम्हा दोघांना नोकऱ्या, करणार काय? मग सवय लावली.

"कशी लावली?"

"लागते हळूहळू."

"आणि गेला कधी तो?"

"मागच्या महिन्यात."

"अजून..." बायको म्हणाली, आणि थांबली.

मालकाने वळून तिच्याकडे बघितलं. तिने ओट्यावरची पाण्याची बाटली उचलली, खाली जाऊन येते म्हणाली आणि चपला न घालताच निघून गेली. मालक खिडकीपाशी जाऊन खाली डोकावला. आल्यापासून त्याचं हेच चाललं होतं.

"ताई, जरा उरका. ऊन चढतंय."

उन्हाचा आणि ह्या खोलीच्या फोटोंचा काय संबंध, ते तिला कळेना. तिने कॅमेरा पिशवीत टाकला, साहेबाचा पट्टा धरला आणि झालं म्हणाली. मालक कुलपं लावत मागे राहिला.

खाली फाटकाजवळ त्यांची गाडी उभी होती. कधीतरी तिथे सावली असणार, आता ती सरकून भिंतीला लागली होती. मागची काच चार बोटं खाली घेतलेली, कुत्र्याला गाडीत ठेवून बाजारात जाताना लोक घेतात तशी. मालकीण त्या फटीतून बाटली तिरकी करून आत धरत होती. पाणी काचेवरून ओघळत होतं. फोटोवालीला बघून ती दचकली, पण बाजूला झाली नाही.

"किल्ली ह्यांच्याकडे आहे," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. माझ्याकडे असती तर वर घेऊन आले असते."

फोटोवालीने आत बघितलं.

साहेबाने पट्टा ओढला. गाडीच्या दारावर पुढचे पाय टेकवून तो कुंई कुंई करू लागला. फटीतून एक काटकुळा हात बाहेर आला, नखं अगदी मुळापर्यंत कापलेला, आणि चाचपडत त्याच्या कपाळावर टेकला.

"गप रे बाळा," आतून म्हातारीचा आवाज आला, त्याच्या भल्यासाठी सांगावं तसा, अगदी हळू. "आवाज केला की दिवा घालवतात."