शेक

पंडितनं घडातलं एक केळं तोडलं आणि नखानं साल खरवडली. हिरव्या सालीखाली तपकिरी रेघ निघाली.

"नाना, याले थंडी लागी गयी," तो म्हणाला. पंडित परदेशात माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस. फणी निवडायची की टाकायची, हे त्याचं नख ठरवतं.

बागेचा मालक योगराज, त्यानं घड हातानं फिरवून दाखवला. "वरथून तं हिरवा शे ना? भरी टाक खोक्यात."

"आज हिरवा शे. गरम खोलीत पिकाडाले टाका, तिसरा दिन काळा."

योगराजला हे शिकवायची गरज नव्हती. गेल्या आठवड्यात पारा चारवर आला, तेव्हा पहाटे बांधाबांधावर पाचट पेटवून त्यानंच धूर केला होता. थंडी खाल्लेलं केळं थंडीत गप्प राहतं. ऊब मिळाली की मग रंग दाखवतं. तरी तो म्हणाला, "भर रे. दिसाले चांगला शे."

तेवढ्यात त्याची बायको सुनंदाबाई पत्र्याच्या शेडमधून मोबाईल घेऊन आली. पडद्यावर रूपाली होती, त्यांची पोरगी. मागं खिडकी आणि खिडकीत नुसता बर्फ.

रूपाली देशाच्या टीममधून परदेशी शर्यतीला गेली होती. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या, हातातल्या काठ्यांनी ढकलायचं आणि बर्फावर दहा किलोमीटर पळायचं. जळगावला कॉलेजात असताना चाकांच्या पट्ट्यांवर नशिराबादचा हायवे घासून ती हे शिकली. ट्रकवाले काच खाली करून घाण बोलायचे. आता गावाच्या चौकात तिचा पंधरा फुटी बॅनर लागला होता. त्यात तिच्या फोटोपेक्षा आमदाराचा मोठा.

टीम म्हणजे दोन खेळाडू आणि पाच साहेब. डॉक्टरच्या जागेवर खेळाच्या संघटनेच्या अध्यक्षांचा मेहुणा गेला होता. जाड हातमोज्यांचं खोकं आलं, ते साहेबांनी वाटून घेतलं. साहेब दिवसभर उभे राहतात, त्यांना थंडी वाजते. खेळाडू पळतो, त्याला घाम येतो. असं त्यांचं शास्त्र. रूपालीकडे जळगावहून घेतलेले मोटरसायकलचे हातमोजे होते. सकाळच्या सरावात ते ओले झाले आणि तसेच गोठले.

"माय, बोटं पांढरी पडनीत," रूपाली म्हणाली. "लाकडासारखी."

"शेक व माय, शेक," सुनंदाबाई म्हणाली. "हिटर शे ना तठे? चांगली धरून शेक. मी तं पहाटे धुरावर हात शेकी लेस, लगेच मोकळा व्हतस."

"तेच करी राहिनी. अर्धा तास व्हयना."

"दुखस का?" योगराजनं मधेच विचारलं.

"नही नाना. आते काहीच दुखत नही."

ती खुशीत होती. योगराजनं बायकोच्या हातातून मोबाईल घेतला.

"दखाड."

तिनं हात कॅमेऱ्यासमोर धरला. चार बोटं मेणासारखी. मधल्या बोटावर बोराएवढा फोड टरारला होता, आणि तो तिला ठाऊकच नव्हता. योगराजनं सांगितलं तेव्हा तिनं बोट उलटं करून पाहिलं.

"हिटरले टेकनं व्हई," ती हळू म्हणाली.

"काढ हात तठून. पह्यले काढ. डाक्टरकडे जाय."

"आपला डाक्टर नही ना नाना. त्यास्ना शे, स्पर्धावाल्यास्ना."

"मग त्यास्नाकडे जाय."

तिनं मागं वळून पाहिलं. तिच्या मागून एक माणूस पुढं आला. अंगात टीमचं जाकीट, पाठीवर देशाचं नाव, हातात कॉफी, हातांवर चढवलेले जाड मोजे.

"नमस्कार काका, मी सचिव. घाबरू नका. तो डॉक्टर फार कडक आहे, बघितल्याबरोबर हिला बाद करेल. दुसरी मुलगी तापानं पडली आहे. उद्या आपलं कुणीच उतरलं नाही तर पुढच्या वेळी आपल्याला बोलवतील का? देशाचा प्रश्न आहे." त्यानं रूपालीचा हात धरून उलटसुलट केला. "आणि काय झालंय हो? दिसायला तर चांगला आहे ना."

योगराजनं खोक्यातल्या फणीकडं पाहिलं. पंडित खोक्याजवळ उभा राहून ऐकत होता. त्यानं नानांकडं पाहिलं नाही, ही त्याची माणुसकी.

"साहेब," योगराज म्हणाला, "तुमना मोजा काढा आनी तिले द्या."

सचिव हसला. "उद्या देऊ ना काका. शर्यतीला देऊ."

"रूपाली, बेटा, ऐक. नही पळनी तं चालई. बॅनर मी सोता फाडस."

"पाऊण तासनं काम शे नाना," ती म्हणाली. "पाच वरीस हायवे घासा मी. पाऊण तास. मग लगेच जास डाक्टरकडे."

"चला, मीटिंग आहे," सचिव म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

सुनंदाबाईनं मोबाईल परत घेतला, पुन्हा लावला. तिकडं नुसती रिंग वाजत राहिली.

"शेकीसन बरं वाटनं व्हई ना तिले?" तिनं विचारलं.

योगराज खोक्याशी गेला, भरलेली फणी बाहेर काढली आणि मांडीवर घेऊन बसला. एक केळं खरवडलं. मग दुसरं. मग तिसरं. पंडितनं त्याला थांबवलं नाही. वरून सगळी हिरवी होती.