रिपोर्ट नॉर्मल

इंग्लंडातल्या लीड्सहून धाकट्या हेमराजचा फोन आला. "भाऊ, प्रोस्टेट कॅन्सरची रक्ततपासणी करायची का नाही, ते इथल्या डॉक्टरनं मलेच ठरवाले सांगितलं. फायदे-तोटे अर्धा तास समजावले. मी नाही म्हटलं."

नागपुरात सक्करदऱ्यातल्या घरी बाबनराव खुर्चीत टेकले. "इथं कोणी विचारत नाही गा. आपल्या जितेंद्रनं माझ्यासाठी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं, त्यातच तेही उरकलं."

"मग रिपोर्ट?"

"त्याच्याच मोबाइलवर आला. सगळं नॉर्मल आहे म्हणते पोरगा."

"बरं झालं."

"हो." बाबनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अठरा वर्षांत कधी नाही विचारलं, पण रिपोर्ट आला त्या दिवसापासून सून रोज विचारून राहिली, बाबा, आज भाजी कोणती करू?"