चौदा नंबरची बेल

दार बाहेरून लागलं तेव्हा वॉरिक टलॉकने घड्याळ पाहिलं. दहा चाळीस. भिंतीतलं लाल बटण दाबून तो पलंगावर बसला.

चौदा नंबरची कोठडी रिकामीच होती. कैद्याने बेल दाबली की किती वेळात उत्तर येतं, हे कागदावरून कळत नाही; आत बसूनच मोजावं लागतं. त्यासाठी वॉरिकसह तिघांचं तुरुंग तपासणी पथक मंगळवारी सकाळी, न कळवता येऊन थडकलं होतं. कर्मचारी कमी म्हणून त्या दिवशी सगळे कैदी कोंडलेलेच होते. पथकाने वाटलेल्या प्रश्नावलीची त्यांची उत्तरं बंद लिफाफ्यात आली होती. बेलच्या प्रश्नापुढे या बराकीतल्या सातही जणांनी एकाच चौकटीत खूण केली होती: लगेच उत्तर मिळतं.

वॉरिकला ते खरं वाटत नव्हतं. चार वर्षांपूर्वी ही बराक त्यानेच तपासली होती. 'समाधानकारक' असा शेरा मारून तो पर्थला परतला, आणि त्याच हिवाळ्यात इथे तीन पोरांनी गळफास घेतला.

"कंट्रोल रूम. काय हवंय?"

आवाज खोल, शांत होता. वॉरिकने टिपून घेतलं: चाळीस सेकंद.

"कुणाला तरी पाठवता का?"

"माणूस येईल. वेळ लागेल त्याला. तोवर मी आहे."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. वॉरिक उठून फेऱ्या मारू लागला.

"येरझारा नको घालूस, भावा. बस. भिंतीला पाठ लाव, गार आहे ती."

वॉरिक जागीच थांबला. त्याने छत पाहिलं, कोपरे पाहिले. कॅमेरा कुठेच नव्हता.

"मनात काय आहे?" आवाजाने विचारलं.

नियमाप्रमाणे त्याने फक्त आपली ओळख सांगायची. पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "मी इथे सगळं ठीक आहे म्हणून लिहून गेलो होतो. नंतर तीन पोरं मेली."

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

"मग या वेळी नीट लिही," आवाज म्हणाला.

पावणेबाराला कुणीतरी दाराच्या फटीतून डोकावलं आणि दार उघडलं. दारात जेवणाची गाडी होती आणि ती ढकलणारी टॅम्सिन रीव्ह, बराकीची पहारेकरीण.

"अहो, तुम्ही अजून आतच? मला वाटलं, कधीच गेलात."

"बेल दाबली होती मी. तुमच्या कंट्रोल रूममधला माणूस मात्र चांगला आहे. नाव काय त्याचं?"

टॅम्सिनचे हात गाडीवरच राहिले. "चेष्टा करताय का?"

ती त्याला कंट्रोल रूममध्ये घेऊन गेली. या बराकीच्या पॅनलवर धूळ साचली होती. मागच्या वायरी जळून काळ्या झाल्या होत्या.

"दोन वर्षांपूर्वी वीज पडली," ती म्हणाली. "दुरुस्तीसाठी तीनदा लिहून झालं. तेव्हापासून इथे एकही बेल वाजलेली नाही."

"आणि तेव्हापासून मेले किती?"

तिने आठवून पाहिलं. "कुणीच नाही."

दोघं चौदा नंबरमध्ये परतले. वॉरिकने पुन्हा बटण दाबलं. मेलेल्या बटणाचा नुसता 'टक' असा आवाज झाला.

"कंट्रोल रूम. परत तूच का, भावा?"

टॅम्सिनचा चेहरा पांढराफटक पडला. ती मागच्या मागे दाराबाहेर गेली. वॉरिकच्याही अंगावर काटा आला, पण तो गुडघे टेकून खाली बसला. आवाज बटणाशेजारच्या जाळीतून येत नव्हता. पलंगाखालच्या, सगळ्या कोठड्यांना जोडणाऱ्या फरशीलगतच्या झरोक्यातून येत होता.

"पंधरा नंबर उघडा," तो हळूच म्हणाला.

किल्ली फिरली. आत पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा कैदी फरशीवर पालथा पडला होता. गाल जमिनीला टेकलेला, तोंड झरोक्याच्या जाळीशी. बोलण्याच्या नादात दार उघडल्याचं त्याला कळलंच नाही.

"घाबरू नकोस, भावा," तो जाळीत सांगत होता, "कंट्रोल रूम जागी आहे."