टोल्याच्या वेळची बडबड

शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती. हलका टोला पुरे होता, पण आबा स्ट्रायकरवर बोट टेकवून जोर मोजत बसले.

"आटपा आबा, दिवाळी संपली," शेजारी पाटणकर हसले.

दर दिवाळीला चाळीच्या कॅरममध्ये आबा आणि त्यांची बायको कमळा पाटणकरांना हरवायचे. यंदा कमळा नव्हती. ती गेल्यापासून आबांचा एक टोला दणकून बसे, दुसरा फुसका. डॉक्टर म्हणाले होते, "हात ठणठणीत आहे. तुम्ही जोर मोजत बसता, म्हणून मेंदूकडून बोटाला जाणारा हुकूम डगमगतो." आज हरलो तर बोर्ड माळ्यावर टाकायचा, असं आबांनी ठरवलं होतं.

समोर जोडीला बसलेल्या सुनेला शांतता सोसेना. "मामंजी, तुम्ही आणलेली वांगी सगळी बियांनी भरलेली निघाली हो!"

आबा भडकले. कमळाही नेमकी टोल्याच्या वेळीच बाजाराचं काढायची. "काहीतरीच! चांगली दाबून, बघून—"

बोलता बोलताच टोला सुटला. खट्!

सोंगटी भोकात. चाळ ओरडली. आबा बोटाकडे बघत राहिले, मग खदखदून हसले.

"पाटणकर, मांडा दुसरा डाव. आणि सूनबाई, त्या वांग्यांचं काय म्हणत होतीस?"